अमली पदार्थांचे कायदेशीरकरण (मराठवाडा)

गांजा, चरस, अफू किंवा रासायनिक नशेचे पदार्थ पिकवणे, बाळगणे, विकणे आणि घेणे गुन्ह्याच्या कक्षेतून काढून परवाना, कर व नियम यांखाली आणावे की नाही, यासंबंधीचा वाद. या वादात दोन वेगळ्या गोष्टींची कायम सरमिसळ होते. पहिली म्हणजे नशा करणाऱ्याला तुरुंगात न टाकणे. पोर्तुगालने २००१ मध्ये एवढेच केले. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. दुसरी म्हणजे दुकानाला परवाना देणे. उरुग्वेने २०१३ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये तो दिला, तोही फक्त गांजापुरता. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हा वाद आला तो बराचसा शेताच्या बांधावरून. त्याच्या मागे आबकारीचा, म्हणजे मादक पदार्थांवरच्या कराचा, जुना इतिहास आहे.

निजामाच्या राज्यात बंदी नव्हती, मक्ता, म्हणजे विक्रीचा ठेका, होता. शिंदी, मोहाची दारू आणि इतर मादक द्रव्ये यांवरचे उत्पन्न हा सरकारी तिजोरीचा मोठा आधार असे. १३१६ फसली या निजामी सनाचा (सुमारे १९०७) आबकारी कायदा त्यासाठीच झाला होता, आणि गांजा-भांगेसारख्या द्रव्यांसाठी १३३३ फसलीचा वेगळा कायदा होता. मक्त्याला गुत्ता म्हणत आणि तो घेणारा गुत्तेदार. आज मराठवाड्यात रस्त्याचे, पुलाचे काम घेणाराही गुत्तेदारच म्हणवतो. शब्द तेवढा दारूतून डांबरात आला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सत्याग्रहींनी करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळली तशी शिंदीची झाडेही तोडली. त्या कुऱ्हाडीमागे व्यसनमुक्तीचा विचार होताच, पण निजामाचा महसूल तोडणे हा रोख अधिक होता. परवान्याने सरकारला पैसा मिळतो, या आजच्या युक्तिवादाची दुसरी बाजू या भागाने अशी आधीच पाहिलेली आहे: पैसा मिळू लागला की सरकारलाच पिणारा हवासा वाटतो.

ब्रिटिश मुलखात गांजाची चौकशी त्याआधीच झाली होती. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने शेकडो साक्षी घेऊन बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही असे म्हटले, आणि बंदीऐवजी कर व परवाना सुचवला. मुंबई इलाख्यातला गांजा त्या काळी मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात पिके. मराठवाड्याची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बंदी खऱ्या अर्थाने आली ती १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर, १९८५ मध्ये. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम हे तिचे नाव. एवढे नाव कोणी उच्चारत नाही. ठाण्यात आणि कोर्टात सगळे ‘एनडीपीएस’च म्हणतात.

या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्याशिवायची पाने आणि बी व्याख्येबाहेर ठेवलेले आहेत. म्हणून पानांची भांग या केंद्रीय कायद्यात बसत नाही, तिचा कारभार राज्याकडे आहे. एकाच झाडाचा एक भाग कायद्यात आणि दुसरा बाहेर. शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वीस किलो म्हणजे ‘व्यापारी प्रमाण’; तिथून पुढे दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी.

लागवडीचे प्रकरण मात्र निराळे आहे. मराठवाड्यातली नेहमीची बातमी अशी: तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींमध्ये गांजाची झाडे, पोलिसांचा छापा. तूर उंच वाढते, दाट होते आणि दिवाळीच्या सुमारास ती आणि गांजा दोन्ही फुलोऱ्यात येतात, त्यामुळे रस्त्यावरून काही कळत नाही. पथक पंच घेऊन येते, झाडे मुळासकट उपटते, मुळांना चिकटलेल्या काळ्या मातीसह आणि जाड ओल्या खोडांसह मोळ्या बांधून काट्यावर चढवते. सातबारा काढून जमीन कुणाच्या वहितीत आहे ते बघतात. गट सामाईक असेल तर भावाभावांत कुणाचे नाव लागणार यावरून त्याच दिवशी भांडण सुरू होते. लागवडीला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि तिला वजनाची अट नाही. पण वजन वीस किलोवर गेले की ‘व्यापारी प्रमाणा’चे कलम लागते आणि जामीन जवळपास बंद होतो. बचावाचे वकील म्हणूनच विचारतात, शेंडे किती आणि खोडे किती? मुंबई उच्च न्यायालयाने या मुद्द्यावर काही आरोपींना जामीन दिलेला आहे. कायदेशीरकरणाची मोठी चर्चा बाजूला ठेवून आधी झाडे सुकवून, निवडून मोजायचा नियम काटेकोर पाळला, तरी बऱ्याच घरांचा प्रश्न हलका होईल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

अफूची गोष्ट याहून चमत्कारिक. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात परळी भागात अफूची शेती उघडकीला आली. आम्ही खसखस पेरली, ती गुन्हा आहे हे ठाऊक नव्हते, असे काही शेतकऱ्यांचे म्हणणे होते. हे सगळ्यांच्या बाबतीत खरे मानायची गरज नाही. पण खसखस किराणा दुकानात उघड मिळते, करंजीच्या सारणात पडते, आणि तिचे बोंड चिरले की निघणारा चीक म्हणजेच अफू. तेच पीक मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या परवान्याने उघड्या माळावर उभे असते आणि सरकार चीक मोजून घेते. परवाना म्हणजे काय याचा इतका जवळचा नमुना दुसरा नाही. त्याचबरोबर तो केवळ औषधनिर्मितीसाठी आहे, हेही विसरता येत नाही.

शेतकऱ्यांच्या तोंडी गांजाची मागणी येते ती बहुधा उपरोधाने. २०२१ मध्ये शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने, कुठल्याच पिकाला भाव नाही तर गांजा लावू द्या, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. नशेला परवानगी मिळावी हा त्या अर्जाचा विषय नव्हता. विषय हमीभावाचा होता. वास्तविक धागा आणि बी यांसाठी भांगेच्या झाडाची लागवड करू देण्याची तरतूद कायद्याच्या १४ व्या कलमात आहे आणि उत्तराखंडाने २०१८ पासून ती वापरली आहे.

महामार्गावरचा व्यापार वेगळा. आंध्र-ओडिशा सीमेच्या डोंगरांतला गांजा तेलंगणातून नांदेडमार्गे पश्चिमेकडे जातो. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यात मांजरमजवळ एका ट्रकमध्ये १,१२७ किलो सापडला होता. इतक्या मालाचा मालक ट्रकमध्ये बसलेला नसतो.

कायदेशीरकरणाच्या बाजूचे युक्तिवाद गांजापाशी जेवढे टिकतात तेवढे कारखान्यापाशी टिकत नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबाद पोलिसांसह छत्रपती संभाजीनगर आणि पैठण एमआयडीसीत छापे टाकले तेव्हा मेफेड्रॉन आणि केटामाइन ही रासायनिक नशेची द्रव्ये सापडली. २०२५ च्या सुरुवातीला तुळजापुरातले मेफेड्रॉन प्रकरण गाजले. ‘एमडी’ म्हणून विकली जाणारी ही पूड दोन ग्रॅमपर्यंतच ‘अल्प’ आणि पन्नास ग्रॅमला ‘व्यापारी’. संभाजीनगरच्या वस्त्यांत ‘बटन’ म्हणून फिरणाऱ्या गोळ्या तर बेकायदा वस्तूच नव्हेत: झोपेच्या आणि चिंतेच्या उपचाराच्या गोळ्या, चिठ्ठीवर मिळणाऱ्या, परवानाधारक दुकानांच्या साखळीतून निसटलेल्या. परवाना दिला की काळा बाजार आपोआप मिटतो, असे म्हणणाऱ्यांनी बटनाचे उत्तर दिले पाहिजे.

विरोधाचा खरा जोर गावातल्या बायकांचा आहे, आणि तो कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही. दारू कायदेशीर आहे, दुकान परवान्याचे आहे, तरी ऊसतोडीची उचल (आगाऊ मजुरी) दिवाळीआधीच कुठे जाते हे त्यांना माहीत असते. महाराष्ट्रात गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दुकानासाठी मतदान घ्यावे लागते. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी म्हणजे बंद. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला हवीत. नशेच्या वस्तूबद्दल गावाला थेट विचारणारी अशी दुसरी सोय नाही, आणि गांजाचे दुकान काढायचे ठरले तर हे मतदान तिथेही मागितले जाणार. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के लोक दारू घेणारे, तर २.८ टक्के भांग-गांजा-चरस घेणारे आढळले. बाजू घेणारे हे आकडे ‘मग गांजालाच का धरता’ म्हणून सांगतात, विरोध करणारे ‘परवाना दिल्यावर काय होते बघा’ म्हणून. दोघांचेही बरोबर आहे.

आजच्या कायद्यातही सेवन करणाऱ्यासाठी एक वाट आहे. ६४-अ कलमानुसार व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मध्येच सोडले तर ही सवलत काढून घेता येते.