बॉलिंग लेआउट: चौथ्या छिद्राच्या आधी आणि नंतर

टेनपिन बॉलिंगमध्ये लेनवरचे तेल बघून बॉलचा लेआउट, म्हणजे छिद्रे कुठे पाडायची याची आखणी, ठरवायची पद्धत फार जुनी नाही. कडक रबराच्या आणि नंतर पॉलिस्टरच्या बॉलच्या काळात, लेबलखालच्या वजनाच्या हिशेबाने छिद्रे थोडी सरकवून एका बाजूला औंसभर भार जास्त ठेवायचा, एवढेच ड्रिलरच्या हातात असे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आले, 1990 च्या दशकात रिअॅक्टिव्ह रेझिन. बॉल लेनला धरू लागला आणि आतला कोअर (बॉलच्या पोटातला वजनाचा गाभा) कुठे तोंड करून बसलाय याला खरी किंमत आली.

पिन म्हणजे कोअरचे टोक दाखवणारी बॉलवरची खूण, आणि पीएपी म्हणजे हातातून सुटताना बॉल ज्याभोवती फिरतो त्या अक्षाचे टोक. पिन पीएपीपासून 3⅜ इंचांवर ठेवली की फ्लेअर, म्हणजे बॉलवर उमटणाऱ्या तेलाच्या रेघा फेरीगणिक सरकण्याचे प्रमाण, सर्वाधिक. शून्याकडे किंवा 6¾ इंचांकडे सरकवत नेली की ते घटत जाते. फ्लेअर असले की प्रत्येक फेरीत बॉलचा तेल न लागलेला भाग लेनला टेकतो, म्हणून लांब आणि जड पॅटर्नसाठी (लेनवर तेल पसरण्याची मांडणी) पिन 3⅜ च्या आसपास, तर सुकलेल्या लेनसाठी 5 इंचांपलीकडे, असा संकेत पडला. 2000 च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्युअल अँगल पद्धत रुळली आणि लेआउट तीन आकड्यांत लिहिता येऊ लागला. 50 × 4½ × 40 म्हणजे ड्रिलिंग अँगल (पिनपासून पीएपीकडे आणि मास बायसकडे, म्हणजे कोअरचा असमतोल दाखवणाऱ्या खुणेकडे, जाणाऱ्या रेषांमधला कोन), पिन ते पीएपी अंतर, व्हीएएल अँगल (पिन-पीएपी रेषेचा पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी होणारा कोन). दोन कोनांची बेरीज लहान असेल तर बॉल लवकर रोलमध्ये येतो, मोठी असेल तर लांब जातो. व्हीएएल अँगल लहान ठेवला तर वळण झटकन येते, मोठा ठेवला तर ते पसरट होते. अर्थात हे आकडे खेळाडूच्या वेगाशी, रेव्ह रेटशी (मिनिटाला बॉलचे फेरे) आणि टिल्टशी (फिरण्याच्या अक्षाचा कल) जोडूनच वाचायचे असतात. नुसत्या पॅटर्नची लांबी बघून दिलेला लेआउट मला कधीच पटलेला नाही.

या सगळ्या गणिताला एक चौथा भाग होता: बॅलन्स होल, म्हणजे बोटे न घालायचे जास्तीचे चौथे छिद्र. मुळात ते आले वजनाचा नियम पाळण्यासाठी. बॉलच्या दोन बाजूंच्या वजनातला फरक 1 औंसाच्या आत हवा, आणि छिद्रे पाडल्यावर तो ओलांडला गेला तर एक जास्तीचे छिद्र पाडून भार काढायचा. पण पुढे ड्रिलरांनी त्याचा खरा उपयोग ओळखला. ते पीएपीच्या अलीकडे, बोटांच्या बाजूला पाडले तर फ्लेअर कमी होई. पलीकडे आणि खाली नेले तर वाढे. सिमेट्रिकल (समतोल कोअरच्या) बॉलमध्ये तर त्यातून असिमेट्री (असमतोल) निर्माण करता येई. बॉल ड्रिल झाला, दोन-तीन गेम खेळून पाहिला, लेनला तो जरा जास्तच वळतोय असे दिसले, की त्याच बॉलवर दुरुस्ती शक्य होती.

1 ऑगस्ट 2020 पासून अमेरिकी नियमांनी हे छिद्र बंद केले. निर्णय 2018 मध्येच जाहीर झाला होता. तंत्रज्ञान आणि कौशल्य यांचा तोल राखायचा, हा त्यामागचा युक्तिवाद. सोबत बाजूच्या आणि बोट-अंगठ्याच्या फरकाची मर्यादा 1 वरून 3 औंसांवर नेली, त्यामुळे वजनाच्या नियमासाठी त्या छिद्राची गरज उरली नाही हे खरे. नव्या बॉलच्या तेल शोषण्यावर त्याच तारखेपासून आलेली मर्यादाही योग्यच होती. लेनवरचे तेल बॉलच पिऊन टाकत होते. पण वाढवता येई तितकेच कमीही करता येणारे साधन सरसकट काढून टाकणे मला आजही घाईचे वाटते. त्याचा फटका बसला तो मोजके बॉल बाळगणाऱ्या खेळाडूला. ज्याच्याकडे आठ बॉल आहेत तो नवव्याकडे वळतो.

अंगठा न वापरणाऱ्यांना नियम वेगळ्या बाजूने लागला. न वापरलेले अंगठ्याचे छिद्रही बॅलन्स होल धरले गेले, म्हणून ते पाडताच येत नाही. सिमेट्रिकल बॉलमध्ये ड्रिलिंगनंतरचा मास बायस साधारण अंगठ्याच्या छिद्राजवळ येतो; ते नसेल तर ड्रिलिंगने येणारी असिमेट्री फारच थोडी असते. त्यामुळे वळणाची धार हवी असलेले अनेक दोन हाती खेळाडू मुळातच असिमेट्रिकल कोअर घेतात आणि लेआउट मास बायसच्या खुणेवरून आखतात.

ड्रिल केलेल्या बॉलवर आता दोनच उपाय उरले. घासण्याच्या पॅडने पृष्ठभाग 500 ते 4000 ग्रिटदरम्यान (आकडा लहान तितका खरखरीत) बदलायचा, किंवा छिद्रे प्लग करून (बुजवून) नव्याने ड्रिल करायची. पहिला उपाय काही मिनिटांचा आहे, आणि तेलाच्या फरकाला बहुतेक वेळा तोच पुरतो. म्हणून जाणते ड्रिलर हल्ली आधी कव्हर (बॉलचे बाहेरचे आवरण) आणि ग्रिट विचारतात, मग पीएपी मोजतात, आणि कोनांवर सर्वांत शेवटी येतात.