इस्टेट एजंटांच्या संघटना आणि परीक्षेचा वाद : पार्श्वभूमी

मुंबईत 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी, म्हणजे भाड्याव्यतिरिक्त एकरकमी घेतली जाणारी रक्कम, घेणे बेकायदा ठरवले, तरी जागा हातोहात फिरत राहिल्या आणि दलालाचा शब्द हाच कागद राहिला. 1999 च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली. त्याच्या आदल्या वर्षी दलालीवर सेवाकर आला होता. नोंदणी, पक्के बिल, विवरणपत्र यांतले मार्गदर्शन तेव्हापासून संघटनांच्या कामात आले.

त्याआधीचे त्यांचे मुख्य काम म्हणजे दलालीची भांडणे मिटवणे. गिऱ्हाईक एकाचे, जागा दुसऱ्याची, दलाली कोणी किती घ्यायची? 2016 चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) कायदा, यावर गप्प आहे. कलम 9 नोंदणी सक्तीची करते, कलम 10 कर्तव्ये सांगते. दलालीचा दर कुठेच नाही. संघटनेने तो सगळ्यांसाठी बांधून द्यावा, तर मिळून दर ठरवण्याला मनाई करणारे स्पर्धा कायद्याचे कलम 3 आडवे येते.

खरा वाद पेटला तो जानेवारी 2023 च्या आदेशावरून. रेरा कायद्याखालच्या राज्याच्या नियामकाने, महारेराने, एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. नव्यांना आणि आधीच नोंदणी असलेल्यांनाही. मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. जुन्यांसाठीची मुदत सप्टेंबरवरून 1 जानेवारी 2024 पर्यंत वाढली. आयुष्यभर याच धंद्यात असलेल्यांना पुन्हा बाकावर का बसवता, हा आक्षेप समजण्यासारखा होता. तरीही चटई क्षेत्र, करारनामा, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक यांची नीट माहिती नसलेल्या माणसाच्या भरवशावर कुटुंबे जन्मभराची पुंजी लावतात, हे त्याहून गंभीर आहे. परीक्षा हवीच होती.

प्रशिक्षणाची परवानगी मिळालेल्यांत विकासकांच्या संघटना होत्या, तशा एजंटांच्याही. परीक्षेचे माध्यम म्हणून मराठीचा पर्याय होता, त्याचा उपयोग छोट्या गावांतल्या एजंटांना झाला. हे प्रशिक्षण म्हणजे संघटनांनी सभासदांसाठी केलेले सर्वांत मोलाचे काम, असे माझे मत आहे. पुढे 2024 मध्ये प्रमाणपत्र न मिळवलेल्या सुमारे 20,000 एजंटांची नोंदणी स्थगित झाली. संघटनेबाहेर एकट्याने धंदा करणाऱ्याला आदेश, मुदत, नूतनीकरण हे सारे स्वतःच सांभाळावे लागते.

भाड्याचे आणि जुन्या घरांच्या पुनर्विक्रीचे व्यवहार मात्र या नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहेत. तिथे दोन एजंटांत दलालीवरून बिनसले, तर कोर्टाची पायरी चढण्याआधी संघटनेची बैठक एवढाच मार्ग उरतो.