इन्क्लूड की एक्सटेंड? कॅन-बाटल्या परत घेणाऱ्या मशीनवरून समजून घेऊ

यूज केस डायग्राम म्हणजे सिस्टिम कोणासाठी काय काय कामं करते ते दाखवणारं चित्र, त्यातलं एकेक काम म्हणजे एक यूज केस आणि त्याचा एक लंबगोल. ती काढायला बसलं की अर्धा वेळ यातच जातो, की दोन लंबगोलांना जोडणारा हा तुटक रेषेचा बाण इन्क्लूडचा की एक्सटेंडचा आणि त्याचं टोक कुठल्या बाजूला. इंजिनिअरिंगच्या ओरलला हा प्रश्न हमखास येतो आणि पोरं पाठ केलेलं सांगतात, "सर, इन्क्लूड म्हणजे कंपल्सरी, एक्सटेंड म्हणजे ऑप्शनल." हे उत्तर चूक नाहीये पण अर्धवट आहे, आणि नोकरीला लागल्यावर खऱ्या रिक्वायरमेंट लिहायची वेळ आली की हेच अर्धवट उत्तर नडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

उदाहरण इव्हार जेकबसन यांचंच घेतो, कारण यूज केस ही कल्पनाच त्यांची. स्वीडनचे, एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या सिस्टिमवर बरीच वर्षं काम केलेले, आणि १९९२ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी जे मशीन घेतलंय ते तिकडच्या माणसाच्या रोजच्या वापरातलं, रिकामे कॅन आणि बाटल्या परत घेणारं. आपल्याकडे कोल्ड्रिंकची काचेची बाटली दुकानात परत नेऊन दिली की डिपॉझिट परत मिळायचं ना, तेच काम, फक्त दुकानदाराच्या जागी मशीन.

आता मशीन काय करतं बघा. ग्राहक येतो, कॅन, बाटल्या, क्रेट असं जे असेल ते एकेक करून आत टाकतो, मशीन काय टाकलं ते ओळखतं, मोजत राहतं, आणि ग्राहकाने झालं म्हणून पावतीचं बटण दाबलं की पावती बाहेर येते, कुठली वस्तू किती, तिचे किती आणि एकूण किती परत मिळणार ते त्यावर छापलेलं. ग्राहक हा एक अ‍ॅक्टर, म्हणजे सिस्टिम बाहेरून वापरणारा, आणि दुसरा अ‍ॅक्टर म्हणजे ऑपरेटर, त्याला दिवसअखेर रिपोर्ट हवा असतो की आज काय काय किती आलं, आणि डिपॉझिटची रक्कम बदलली तर ती मशीनमध्ये बदलता यायला हवी. कॅन आत अडकला किंवा पावतीचा रोल संपला तर अलार्म वाजून ऑपरेटरला कळलं पाहिजे. म्हणजे मुख्य यूज केस तीनच, वस्तू परत करणे, दिवसाचा रिपोर्ट काढणे आणि वस्तूची माहिती बदलणे.

आधी इन्क्लूड. ग्राहकाची पावती छापायची असते आणि ऑपरेटरचा रिपोर्टही छापायचा असतो, छापण्याच्या पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच, मग त्या दोनदा कशाला लिहा, म्हणून 'छापणे' असा वेगळा लंबगोल काढायचा आणि दोघांनी तो इन्क्लूड करायचा. पण खरी खूण वेगळीच आहे. 'वस्तू परत करणे' हा यूज केस कागदावर पायऱ्या-पायऱ्यांनी लिहा आणि छापण्याच्या पायरीवर बोट ठेवून ती झाका. आता वाचा. ग्राहकाने दहा कॅन टाकले, मशीनने मोजले, आणि...? पैसे कसे मिळणार? गोष्ट लटकते. झाकल्यावर लटकली की इन्क्लूड.

आता एक्सटेंड. 'वस्तू अडकली' हा लंबगोल घ्या. कॅन वाकडा गेला, अडकला, अलार्म वाजला, ऑपरेटर आला, त्याने कॅन काढला, अलार्म रिसेट केला आणि ग्राहकाने पुढचा कॅन टाकला. हे सगळं झाका आणि 'वस्तू परत करणे' परत वाचा. काहीही लटकत नाही, सुरुवातीपासून पावतीपर्यंत अख्खी गोष्ट आहे तशी पूर्ण. एवढंच नाही, त्या मूळ मजकुरात अडकण्याचा शब्दही नाही. फार तर एक जागा नाव देऊन ठेवलेली असते, एक्सटेन्शन पॉइंट म्हणतात तिला, समजा 'वस्तू आत सरकताना', आणि अडकली तर काय करायचं ही अट आणि पायऱ्या सगळ्या एक्सटेंड करणाऱ्याकडे. मूळ यूज केसला माहीतच नाही की आपल्यात मध्येच कोणी घुसणार आहे. माझ्या मते सगळा फरक याच एका गोष्टीत आहे, कोणाला कोण माहीत आहे.

आणि बाणाची दिशा पाठ करायची गरज यामुळेच उरत नाही. ज्याला दुसरा माहीत आहे त्याच्याकडून बाण निघतो. 'वस्तू परत करणे'ला माहीत आहे की मला छापायचंय, म्हणून बाण तिथून निघून 'छापणे'कडे जातो. 'वस्तू अडकली'ला माहीत आहे की मी कुठे घुसणार, म्हणून तो बाण तिथून निघून मूळ यूज केसकडे येतो. जावा शिकलेल्यांना एक्सटेंड बघितलं की वारसा म्हणजे इनहेरिटन्स आठवतं, तसं काही इथे नाहीये, यूज केसमध्ये वारशासाठी वेगळा बाण आहे, पोकळ त्रिकोणाचा. जुन्या नोट्समध्ये इन्क्लूडच्या जागी 'युजेस' सापडेल, ते युएमएलच्या, म्हणजे असल्या डायग्रामच्या ठरलेल्या चिन्हभाषेच्या, १.३ आवृत्तीच्या आधीचं आहे.

आता ऑप्शनलवाला नियम कुठे फसतो ते एटीएमवर बघू. पैसे काढताना स्क्रीनवर विचारतात, पावती हवी का, आणि बऱ्याच नोट्समध्ये 'पावती छापणे' हे एक्सटेंड दाखवलेलं असतं, कारण काय तर ऑप्शनल आहे. मला हे पटत नाही. प्रश्न कोण विचारतंय? 'पैसे काढणे' हा यूज केस स्वतःच विचारतोय ना, म्हणजे त्याला पावती चांगलीच माहीत आहे. मग ती साधी पर्यायी पायरी झाली, हो म्हटलं तर छाप, नाही म्हटलं तर पुढे जा, मजकुरात एका ओळीत लिहून मोकळं व्हायचं, वेगळा लंबगोल नकोच. म्हणजे बघा, छापणं तेच, पण कॅनच्या मशीनमध्ये इन्क्लूड आणि एटीएममध्ये नुसती एक पायरी. नातं दोन लंबगोलांमध्ये असतं, एकट्या लंबगोलाकडे बघून कधीच ठरवता येत नाही.

मी एका प्रोजेक्टवर होतो तिथे तिकीट देणाऱ्या मशीनची डायग्राम आली होती, भाषा निवडा, स्टेशन निवडा, पैसे भरा, रद्द करा, प्रत्येक बटणाला एक लंबगोल आणि सगळीकडे बाणच बाण, दोन दिवस मीटिंगमध्ये बाणांवरच वाद. आणि टेस्टिंगला बसलो तेव्हा लक्षात आलं की पैसे कापले गेले आणि तिकीट मध्येच अडकलं तर काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. खूप वाईट वाटलं तेव्हा, कारण एक्सटेंड खरंतर असल्याच गोष्टींसाठी आहे आणि नेमकी तीच सुटली होती.

शेवटी रोल संपण्याचं. हा 'वस्तू परत करणे'ला एक्सटेंड करतो असं बरेच जण काढतात, ग्राहकासमोर घडतं म्हणून. पण रोल संपलेला कळतो कधी, तर छापताना, मग मी तो बाण 'छापणे'कडे नेईन. तिथे नेला की ग्राहकाची पावती आणि ऑपरेटरचा संध्याकाळचा रिपोर्ट दोन्ही एकाच बाणात झाकले जातात, नाहीतर रिपोर्ट निम्मा छापून रोल संपला तर काय करायचं ते कुठेच लिहिलेलं राहत नाही.