तक्त्यामागचा इतिहास

नवं सेमिस्टर तोंडावर आलं की नागपुरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची आणि पदवीची उद्दिष्टं जुळवणारा तक्ता भरणं, सुरू होतं. विषय शिकून मुलांना काय जमायला हवं ते एका बाजूला, पदवीधराच्या अंगी काय असावं ते दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या चौकटींत दोन्हींचा संबंध किती घट्ट ते सांगणारे १, २ किंवा ३. या तक्त्याला अनेकजण वैतागतात. पण तो ज्या दुखण्यावरचा उपाय आहे, ते दुखणं जुनं आहे.

कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) उभी राहिली. १९६० मध्ये प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय आलं. पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचं नाव मिळालं. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि १९८४ मध्ये यशवंतराव चव्हाण, रामदेवबाबा अशी कॉलेजं सुरू झाली.

कॉलेजं वाढली, अभ्यासक्रम मात्र विद्यापीठाचाच. अभ्यासमंडळ ठरवणार, पेपर दुसराच कोणी काढणार, तिसरा तपासणार. शिकवणाऱ्याच्या हाती उरलं 'पोर्शन संपवणं'. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान या ताटातुटीने केलं. मुलं मागच्या पाच वर्षांचे पेपर पाठ करत आणि पास होत.

नळीतल्या पाण्याचा प्रवाह मोजणाऱ्या व्हेंचुरीमीटरच्या प्रयोगाचंच बघा. जर्नलमध्ये (प्रयोगवहीत) प्रवाहाचा गुणांक ०.९८ येणार हे सगळ्यांना ठाऊक. एखाद्याचा ०.९१ आला तर तो खोडून ०.९८ लिहायचा. दाबातला फरक दाखवणाऱ्या मॅनोमीटरच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला होता का, हे विचारायला ना परीक्षेत जागा, ना तासाला वेळ.

२००२ मध्ये प्रादेशिक महाविद्यालय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था (एनआयटी) झालं आणि स्वतःचा अभ्यासक्रम आखू लागलं. पुढे काही खासगी कॉलेजांनाही स्वायत्तता मिळाली. जून २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंग पदव्या परस्परांनी मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची (एनबीए) मान्यता हवी तर आता काय शिकवलं एवढं सांगून भागेना. मुलाला काय जमतं, ते दाखवणं आलं. तक्ता आला तो इथून. तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या (एआयसीटीई) २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीचा भार कमी करून १६० क्रेडिटवर (क्रेडिट म्हणजे अभ्यासभार मोजायचं एकक) आणला. प्रॅक्टिकल आणि प्रोजेक्टला थोडी उसंत मिळावी, हा हेतू.

तक्ता नुसता भरून टाकला तर जुनंच चालू राहतं, हे मी जवळून पाहिलंय. पण स्वायत्त कॉलेजात पेपर आता शिकवणाराच काढतो. '०.९१ का आला?' हा प्रश्न तो पाच मार्कांना विचारू शकतो, आणि जर्नलमधला ०.९१ न खोडता तसाच राहू देऊ शकतो.