बेळगावच्या थंड हवेत सेटला फॅन कशाला?

"आपली हवाच थंड, हॅम सेटला फॅन कशाला?" हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले; त्यांच्याकडून हे टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत ऐकत आलोय. चूक आहे. उष्णता सेटच तयार करतो. १०० वॅटचा एचएफ (शॉर्टवेव्ह) सेट सिग्नल सोडताना १३.८ व्होल्टवर साधारण २० अँपिअर ओढतो, म्हणजे २७६ वॅट. अँटेनाला १०० गेले की उरलेले पावणेदोनशे हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांच्या, माथी. गप्पांत बोलणं थांबतं, तेवढ्यात सेट सावरतो. एफटी८ या कॉम्प्युटरने संदेश पाठवायच्या पद्धतीत मात्र १५ पैकी जवळपास १३ सेकंद सलग पॉवर. माझ्या सेटच्या हीटसिंकला तेव्हा बोट टेकवत नाही. कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा फॅन, वारा थेट हीटसिंकच्या पात्यांवर येईल असा बसवा. रेझिस्टर लावून ८ व्होल्टवर चालवलात तर आवाजही फारसा नाही. तांबड्या मातीची धूळ तेवढी ब्रशने झाडत राहायची.