दोडामार्गचं जंगल आणि ‘इको सेन्सिटिव्ह’ शब्दाचा गुंता

सह्याद्रीत पाऊस किती पडतो आणि सदाहरित जंगल का लागतं हे इथं वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. फक्त तळकोकणातल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याबद्दल लिहितोय, कारण वर राधानगरी, खाली गोव्याची म्हादई आणि पलीकडे कर्नाटकातलं भीमगड या अभयारण्यांना जोडणारं जंगल इथूनच जातं आणि वाघाचं येणंजाणं याच वाटेनं होतं.

जुना इतिहास थोडक्यात. इंग्रजांच्या काळात सागवान आधी जहाजांसाठी गेलं, मग रेल्वेच्या स्लीपरसाठी, आणि 1878 च्या कायद्यानं गावाचं जंगल सरकारी झालं. पण सिंधुदुर्गात बरंचसं जंगल मालकीचं राहिलं, म्हणजे सातबारावर लोकांची नावं. 1975 मध्ये राज्यानं खासगी वनं ताब्यात घेण्याचा कायदा केला, त्यातून कोणता तुकडा वन आणि कोणता नाही यावरून वेगळाच घोळ सुरू झाला.

खरी तोड वाढली ती गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. सातबारावर दहापंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, इकडे कोणी राहत नाही, मग दलाल एकेकाच्या सह्या गोळा करतो आणि अख्खा डोंगर विकला जातो. झाडं जातात, जेसीबीनं उतारावर टप्पे पडतात, त्यावर रबर आणि रबर मोठं होईपर्यंत ओळींच्या मधे अननस. रबराचं झाड मुळात ॲमेझॉनच्या जंगलातलं, तिकडून बी बाहेर गेलं 1876 मध्ये, केरळात लागवड 1902 च्या सुमाराला सुरू झाली आणि आता तेच झाड लावायला इथलं जंगल तोडलं जातंय. काजूचंही तसंच आहे, आपल्याकडचं पीक म्हणून त्याला कोणी नावं ठेवत नाही, पण जंगल साफ करून लावलेला काजू म्हणजे जंगल नव्हे. आणि खाणी आहेतच. 2021 च्या जुलैत दोडामार्गातल्या कळणे गावात खाणीचा कडा कोसळला आणि चिखलाचं पाणी लोकांच्या बागांत आणि घरांपर्यंत गेलं.

आता तो शब्द. ‘इको सेन्सिटिव्ह’, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील, म्हटलं की गावात लगेच कोणीतरी सांगतं की घर बांधता येणार नाही, गुरं चारता येणार नाहीत, शेती बंद. हा गैरसमज का झाला तर एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी फिरतायत. पहिली, केंद्रानं 2010 मध्ये नेमलेल्या समितीनं 2011 च्या अहवालात सगळाच पश्चिम घाट, म्हणजे सुमारे 1,29,000 चौरस किलोमीटर, संवेदनशील धरला आणि त्याचे तीन ‘झोन’ केले, प्रत्येकात नियम कमीजास्त, आणि अंतिम निर्णय ग्रामसभांना विचारून. दुसरी, त्याला विरोध झाल्यावर नेमलेली दुसरी समिती, तिनं 2013 मध्ये ‘एरिया’ म्हटलं, घाटाची हद्द जास्त मोठी धरली पण त्यातलं 37 टक्केच क्षेत्र संवेदनशील ठेवलं. तिसरी, अभयारण्याच्या हद्दीभोवतीचा पट्टा, त्यालाही झोनच म्हणतात पण त्याचा या दोन्ही अहवालांशी संबंध नाही. लोक एकाचे नियम दुसऱ्याला लावतात, आणि ज्यांना खाणी हव्यात त्यांना हा गोंधळ सोयीचाच पडतो.

दुसऱ्या समितीची पद्धत मला आजही पटत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून नैसर्गिक आणि माणसानं घडवलेला असे दोन भाग पाडले आणि बागायतीचा भाग दुसऱ्यात टाकला, म्हणजे जिथं आधीच तोडून लागवड झाली तिथं संरक्षण नाही, जो आधी तोडेल तो सुटला. दोडामार्ग तालुका या समितीच्या गावांच्या यादीतून बाहेरच राहिला. आणि याच जिल्ह्यातल्या 25 गावांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या असे ग्रामसभेचे ठराव पहिल्या समितीकडे दिले होते! कोकणातल्या लोकांना जंगल नकोय म्हणणाऱ्यांनी हे ठराव जरूर बघावेत.

पुढचं सगळं कागदावर. 2013 मध्ये हायकोर्टानं या पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली तरी तोड थांबली नाही. मार्च 2024 मध्ये हायकोर्टानं 25 गावांचं क्षेत्र चार महिन्यांत संवेदनशील जाहीर करा असं सांगितलं. संवेदनशील क्षेत्र जाहीर करायचे केंद्राचे मसुदे 2014 पासून निघतायत, पहिले पाच अंतिम न होताच गेले, सहावा आला 31 जुलै 2024 ला, वायनाडात दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यात सहा राज्यांचं मिळून 56,825.7 चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचं 17,340. बंदी सुचवली आहे ती खाण, दगडखाण, वाळूउपसा, नवा औष्णिक वीज प्रकल्प, सर्वात जास्त प्रदूषण करणारे नवे उद्योग आणि मोठ्या टाउनशिप यांच्यावर. शेती किंवा राहतं घर त्यात नाही.

आपण काय करू शकतो असं मुंबई-पुण्याचे लोक विचारतात. ज्यांचं नाव गावच्या सातबारावर आहे त्यांनी दलालाला सही देऊ नये, भावकीतल्या बाकीच्यांना फोन करून हेच सांगावं, एकाची सही अडली तरी सौदा लांबतो. मसुद्यावर हरकत किंवा पाठिंबा कळवायला 60 दिवस असतात, त्यात पाठिंब्याचीही पत्रं जायला हवीत. गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही मागून बघावी, कुठे कुठे ती नावापुरती भरलेली असते, आपल्या देवराया, झरे आणि हत्तीच्या वाटा त्यात नीट लिहून घ्याव्यात. बांबर्डे-हेवाळ्याची जायफळ कुळातल्या झाडांची दलदलीतली राई देवाच्या नावानं राखली म्हणून टिकली आणि आता तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही आहे. आणि ठराव करताना नुसतं ‘आमचं जंगल वाचवा’ असं लिहू नका, सर्व्हे नंबर घाला, म्हणजे नेमकं कोणतं जंगल ते कळतं.