फाइल जागच्या जागी, मजकूर मात्र टेपवर: श्रेणीबद्ध साठवण व्यवस्थापनाची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसी पट्ट्यात एकेकाळी रसायनांच्या आणि औषधांच्या कारखान्यांची गर्दी होती. आता ऐरोली, रबाळे, महापे या भागांत डेटा सेंटरच्या बंदिस्त इमारती उभ्या आहेत. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये आणि अभियांत्रिकी सल्लागार यांचा जो डेटा तेथे साठतो, त्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, आणि तरीही तो पुसून टाकण्याची सोय नसते. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे जपावी लागतात, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार संगणकयंत्रणांचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, १८० दिवस ठेवावे लागतात. कायद्याने बांधलेले नाही, तेही ठेवावेच लागते. नौपाड्यातील जुन्या इमारती आणि वाशीतील सिडकोने बांधलेल्या वसाहती पुनर्विकासाला निघाल्या, की पंधरा-वीस वर्षे कोणी न पाहिलेले नकाशे आणि संरचनेची गणिते वास्तुविशारदांच्या कार्यालयात अचानक हवी होतात.

न उघडला जाणारा असा मजकूर महाग डिस्कवरून स्वस्त माध्यमावर आपोआप नेणारी, आणि कोणी मागितला तर तितक्याच आपोआप परत आणणारी आज्ञावली म्हणजे श्रेणीबद्ध साठवण व्यवस्थापन. हायरार्किकल स्टोरेज मॅनेजमेंट या इंग्रजी नावावरून या क्षेत्रातील माणसे तिला नुसते एचएसएम म्हणतात. (बँकांमध्ये गुप्तकिल्ल्या सांभाळणाऱ्या उपकरणालाही हीच अक्षरे लावतात, त्याचा येथे काही संबंध नाही.) तिची मांडणी करायला बसलेल्या नव्या माणसापुढे स्टब, रिकॉल, थ्रेशोल्ड, प्रीमायग्रेशन, रिकन्सिलिएशन अशा संज्ञा एकदम येऊन पडतात आणि त्या एकमेकींपासून सुट्या वाटतात. वास्तविक त्या सगळ्या एकाच वचनातून निघालेल्या आहेत. मजकूर कोठेही असो, वापरणाऱ्याला त्याची फाइल नेहमीच्या फोल्डरमध्ये, नेहमीच्या नावाने आणि नेहमीच्या आकाराची दिसली पाहिजे, हे ते वचन. ते कसे दिले गेले आणि पाळताना काय काय अडचणी आल्या, हे ठाऊक असले की मांडणीतील प्रत्येक आकड्याचे कारण समजते.

या वचनाचे मूळ १९६० च्या दशकात आहे. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स ही संगणकप्रणाली रचायला घेतली, आणि डेली व न्यूमन यांनी १९६५ मध्ये तिच्या फाइलव्यवस्थेचा आराखडा मांडला. फोल्डरच्या पोटात फोल्डर ही आज सर्वांच्या अंगवळणी पडलेली रचना त्यात होतीच. पण त्याहून महत्त्वाचा विचार असा होता, की फाइल कोणत्या उपकरणावर आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज पडू नये. नाव आणि ठिकाण यांची ही फारकत झाली नसती, तर मजकूर मागच्या मागे हलवण्याची कल्पना पुढे सरकलीच नसती.

कल्पनेला यंत्राचे रूप दिले ते व्यापारी संगणकांच्या जगाने, कारण डिस्कच्या किमतीची झळ तेथे सर्वाधिक होती. आयबीएमने १९७४ मध्ये ३८५० ही यंत्रणा जाहीर केली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या षट्कोनी कप्प्यांत टेपची बोटभर लांबीची कार्ट्रिजे ठेवलेली असत, प्रत्येकात सुमारे ५० एमबी मजकूर मावे, आणि सर्वांत मोठ्या मांडणीत ४७२ जीबीपर्यंत साठा होई. यांत्रिक हात कार्ट्रिज उचलून वाचकापर्यंत नेई, मजकूर डिस्कवर उतरवला जाई आणि काम संपल्यावर परत चढवला जाई. संगणकावरील प्रोग्रामला मात्र आपण डिस्कच वाचत आहोत असे वाटे. १९७८ मध्ये आयबीएमने मेनफ्रेम या आपल्या मोठ्या व्यापारी संगणकांवरील एमव्हीएस प्रणालीसाठी हेच काम धोरणानुसार करणारी स्वतंत्र आज्ञावली आणली, आणि हायरार्किकल स्टोरेज मॅनेजर हे नाव तेथून रूढ झाले. अमुक इतके दिवस न वापरलेला डेटासेट (मेनफ्रेमवर फाइलला हेच नाव आहे) रात्री पहिल्या पातळीवर, म्हणजे दाबून लहान केलेल्या रूपात दुसऱ्या डिस्कवर, आणि तेथेही पडून राहिला तर दुसऱ्या पातळीवर, म्हणजे टेपवर, जाई. यादीत त्याच्या ठिकाणी 'मायग्रॅट' अशी खूण राही. ती खूण असलेला डेटासेट कोणी उघडला, की तो परत आणला जाई. आजच्या प्रत्येक एचएसएमचा सांगाडा यात दिसतो.

टेप हाताळणारे रोबो त्यानंतर सर्वसामान्य झाले. स्टोरेजटेक कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या गोल सायलोत, म्हणजे रोबो असलेल्या टेपच्या कोठारात, सुमारे ६,००० कार्ट्रिजे बसत. २०० एमबीच्या कार्ट्रिजांच्या हिशेबाने तो साठा १.२ टीबी होई. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एलटीओ-९ या टेपच्या प्रकाराच्या एकाच कार्ट्रिजात १८ टीबी मावतात. टेप कालबाह्य झाली असे समजणाऱ्यांनी या दोन आकड्यांकडे जरूर पाहावे.

मेनफ्रेमबाहेर पडताना मात्र खरी अडचण आली. युनिक्सच्या जगात प्रत्येक विक्रेत्याची फाइलव्यवस्था वेगळी, त्यामुळे फाइल वाचली जाण्याच्या नेमक्या क्षणी मध्ये पडायचे, तर प्रत्येक ठिकाणी प्रणालीच्या गाभ्यातच हात घालावा लागे. यावर तोडगा म्हणून डीएमएपीआय हा समान करार विकसित झाला, आणि १९९७ मध्ये एक्स/ओपन संस्थेने त्याला प्रमाणरूप दिले. मजकुराचा अमुक भाग डिस्कवर नाही अशी खूण फाइलवर करता येणे, त्या भागाला कोणी हात लावताच बाहेरच्या आज्ञावलीला कळवले जाणे, आणि तिने मजकूर परत भरताना फाइलच्या तारखा न बदलणे, या गोष्टी आता ठरलेल्या रीतीने करता येऊ लागल्या. विंडोज २००० मधील रीपार्स पॉइंट, म्हणजे फाइल उघडताना दुसऱ्या आज्ञावलीला मध्ये आणणारी खूण, ही त्याच गरजेतून आलेली दुसरी वाट. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ग्लेशियर सेवा सुरू केल्यावर काही ठिकाणी टेपच्या जागी क्लाउड आला आणि 'टिअरिंग', म्हणजे मजकूर स्वस्त-महाग श्रेणींत वाटणे, हा शब्द चलनात आला. पण मजकूर परत मिळवण्यासाठी तेथेही तासन्‌तास थांबावे लागत असल्याने जुने प्रश्न तसेच राहिले.

आता एका फाइलकडे जवळून पाहू. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात २००९ सालचा ४०० एमबीचा नकाशा आहे असे धरू. तो लिहिला गेला तेव्हा तो 'रेसिडेंट', म्हणजे पूर्णपणे डिस्कवर होता. पुढे आज्ञावलीने त्याची प्रत टेपवर केली, पण डिस्कवरचा मजकूर तसाच राहू दिला; ही 'प्रीमायग्रेटेड' अवस्था. जागेची गरज पडली तेव्हा डिस्कवरचा मजकूर सोडून देण्यात आला आणि मागे केवळ काही केबींचा 'स्टब' उरला. फाइल 'मायग्रेटेड' झाली. युनिक्सची 'एलएस' आज्ञा आजही तिचा आकार ४०० एमबीच दाखवते, 'डीयू' आज्ञा मात्र तिने व्यापलेली खरी जागा, म्हणजे जवळपास काहीच नाही, असे सांगते. वनड्राइव्हमध्ये नावाशेजारी निळा ढग दिसणारी फाइल ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी स्टबच पाहिला आहे.

कोणी तो नकाशा उघडला, की उघडणारा प्रोग्राम जागीच थांबतो. रोबो कार्ट्रिज शोधतो, टेप वाचणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालतो, टेप नेमक्या ठिकाणापर्यंत पुढे सरकते आणि मजकूर डिस्कवर उतरतो. सगळे सुरळीत असेल तर दीड-दोन मिनिटे लागतात. ड्राइव्ह दुसऱ्या कामात गुंतलेला असेल तर कितीही. यालाच रिकॉल म्हणतात. संगणक अडकला असे समजून माणूस पुन्हा पुन्हा क्लिक करतो, म्हणून ही वाट कशाची आहे हे कार्यालयातील प्रत्येकाला आधी सांगून ठेवणे हा मांडणीचाच भाग आहे.

मांडणीत सर्वांत जास्त विचार थ्रेशोल्डचा, म्हणजे डिस्क किती भरली की मजकूर हलवायचा या मर्यादेचा, करावा लागतो, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी तोच केला जातो. आयबीएमच्या टिवोली घराण्यातील आज्ञावलीत वरची मर्यादा ९० टक्के आणि खालची ८० टक्के असा मूळ आकडा ठरलेला असे. डिस्क ९० टक्के भरली की मायग्रेशन सुरू, ८० वर आली की बंद. ४० टीबीच्या डिस्कवर याचा अर्थ ४ टीबी हलवणे. एलटीओ-९ चा ड्राइव्ह सेकंदाला ४०० एमबी लिहितो, म्हणजे अडथळा न येताही हे काम सुमारे पावणेतीन तासांचे. त्याच दुपारी कोणी ड्रोनचे चित्रण किंवा स्कॅन केलेल्या कागदांचा मोठा गठ्ठा उतरवायला घेतला, तर टेप मोकळी करेल त्याहून वेगाने डिस्क भरते आणि शेवटी लिहिणाऱ्यालाच जागा नाही असा संदेश येतो. प्रीमायग्रेशन जन्माला आले ते या कोंडीतून. रात्रीच्या निवांत वेळी प्रती टेपवर करून ठेवल्या, की दुपारी मजकूर सोडून देणे एवढेच काम उरते आणि ते मिनिटांत होते. म्हणून वरची मर्यादा ठरवण्याआधी आपल्या कार्यालयात दिवसभरात जास्तीत जास्त किती मजकूर येतो हे मोजावे, आणि आकडा त्यावरून काढावा. विक्रेत्याने दिलेला मूळ आकडा हा प्रत्येकाच्या कामाला लागू पडेल असा नसतोच.

कोणत्या फाइली न्यायच्या, हे साधारणपणे वय आणि आकार या दोन्हींवर मिळून ठरते. शेवटच्या वापराची तारीख जितकी जुनी आणि फाइल जितकी मोठी, तितकी ती आधी जाते. लहान फाइली नेऊन काही साधत नाही, कारण स्टब जवळपास तेवढीच जागा घेतो आणि टेपला मात्र प्रत्येक तुकड्यासाठी वेगळे थांबावे लागते. सीटी स्कॅनच्या एका तपासणीत शेकडो काप असतात आणि प्रत्येक काप साधारण अर्ध्या एमबीचा असतो. ते सुटे सुटे नेण्याऐवजी आधी एका गठ्ठ्यात बांधलेले बरे. प्रणालीच्या फाइली, चालू डेटाबेस आणि प्रोग्राम यांना वगळण्याची यादी तर पहिल्या दिवशीच तयार हवी.

माझ्या मते या तंत्राची खरी परीक्षा मायग्रेशनमध्ये नसून रिकॉलमध्ये आहे. मायग्रेशन आपल्या सोयीने, आपल्या वेळी होते. रिकॉल दुसऱ्याच्या मर्जीने होतो, आणि तो दुसरा नेहमी माणूसच असेल असे नाही. अँटीव्हायरसने रात्री पूर्ण तपासणी सुरू केली, शोधयंत्रणेने मजकुराची सूची करायला घेतली किंवा कोणी फोल्डर उघडताच चित्रांच्या छोट्या आवृत्त्या तयार होऊ लागल्या, तर हजारो स्टब एकाच वेळी मजकूर मागू लागतात. वर्षभरात टेपवर गेलेले सगळे परत येऊ पाहते, डिस्क भरते, डिस्क भरली म्हणून मायग्रेशन सुरू होते, आणि मोजके ड्राइव्ह दोन्ही दिशांना ओढले जातात. म्हणून अँटीव्हायरसमध्ये ऑफलाइन खूण असलेल्या फाइली सोडून देण्याची सोय चालू करणे, कोणत्या प्रोग्रामला रिकॉलची मुभा आहे हे ठरवणे, आणि निदान एक ड्राइव्ह केवळ रिकॉलसाठी राखून ठेवणे या तीन गोष्टी मायग्रेशनचे पहिले धोरण लागू करण्याच्या आधी व्हायला हव्यात.

दुसरी चिंतेची गोष्ट म्हणजे एचएसएमलाच बॅकअप समजण्याची सवय. टेप आली म्हणजे बॅकअप झाला, असा समज लहान कार्यालयांत सहज होतो, आणि तो घातक आहे. मायग्रेट झालेल्या फाइलचा मजकूर एकाच ठिकाणी असतो, टेपवर. वापरणाऱ्याने स्टब पुसला तर काही काळाने टेपवरील मजकूरही निकामी ठरवला जातो, कारण आज्ञावलीच्या दृष्टीने फाइल पुसली गेलेली असते. डिस्कवरील स्टब आणि टेपवरील नोंदी यांचा मेळ घालणाऱ्या फेरीलाच रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि ती हे काम चोख करते. म्हणून बॅकअप झाल्याशिवाय फाइल मायग्रेट होऊच नये असा जो पर्याय अनेक आज्ञावल्यांत असतो, तो चालू ठेवावा. टेपची दुसरी प्रत वेगळ्या शहरात असावी. आमच्या खाडीकाठच्या हवेचा विचार करता पहिल्या प्रतीची जागाही नीट निवडावी लागते. एलटीओ कार्ट्रिज दीर्घकाळ ठेवायचे तर १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत साध्या कपाटात हे साधत नाही.

सर्वांत नाजूक वस्तू मात्र टेप नव्हे. कोणत्या स्टबचा मजकूर कोणत्या कार्ट्रिजवर कोठे आहे, हे एचएसएमच्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये नोंदलेले असते. तो गेला तर टेपवरचे सगळे शाबूत असूनही काय कोणाचे हे सांगणे बहुतेक आज्ञावल्यांत फार अवघड होते. त्यामुळे त्या डेटाबेसची प्रत रोज, आणि टेप लायब्ररीच्या बाहेर, निघायला हवी. आपत्तीनंतर उभारणी करतानाचा क्रमही ठरलेला आहे: आधी डेटाबेस, मग लायब्ररीतील कार्ट्रिजांची मोजणी, त्यानंतर स्टब, आणि या तिन्हींचा मेळ तपासून झाल्यावरच रिकन्सिलिएशन. हा क्रम उलटला, म्हणजे स्टब अर्धवट परत आलेले असताना रिकन्सिलिएशन चालवले, तर जे स्टब अजून आलेले नाहीत त्यांच्या फाइली पुसल्या गेल्या आहेत असे धरले जाते. स्वयंचलित रिकन्सिलिएशन बंद करूनच उभारणीला हात घालावा, आणि वर्षातून एकदा वेगळ्या यंत्रावर हा सगळा क्रम प्रत्यक्ष करून पाहावा.